अंगठ्याएवढी जागा

१

कंग्राळीच्या भरमूनं सांगितलेल्या गोष्टीतली निम्मी खरी धरायची, अशी गावची रीत आहे. कुठली निम्मी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बेळगावच्या सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानाचा एक नट सुटून त्याच्या चहाच्या कपात पडला आणि तो त्यानं धुऊन-पुसून विमानतळावर नेऊन दिला, ही गोष्ट तो गेली बारा वर्षं सांगतोय. पहिल्या वर्षी नट शिपायानं घेतला होता. अलीकडे पायलट स्वतः बाहेर येऊन भरमूला नमस्कार करतो.

कामात मात्र या माणसानं कधी थाप मारली नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या गाड्यांच्या पट्ट्या, बंपर, दिव्यांच्या कड्या, चाकांच्या टोप्या घेऊन बसायचा. मूळच्या क्रोमवर कुणीतरी कधीतरी रंग फासलेला असतो, तो काढायचा आणि आतली चकाकी बाहेर आणायची. ब्लेड नाही, तारेचा ब्रश नाही. रंग फुगवणारं औषध लावायचं, वर प्लॅस्टिकचा कागद दाबायचा आणि एका थापेएवढा वेळ थांबायचं. रंगाला सायीसारख्या सुरकुत्या पडल्या की बांबूच्या चपट्या काडीनं तो हलक्या हातानं उचलायचा.

आणि दर वस्तूवर अंगठ्याएवढी जागा तशीच ठेवायची. मालक आला की दाखवायचं, "हे तुमचं आधीचं, हे माझं." मग मालकाच्या समोर तेवढं पुसून काम पुरं करायचं. तीस वर्षांत ही सवय इतकी मुरली होती की भरमू आता ती जागा ठरवून ठेवत नसे. हातच तिला वळसा घालून पुढं जाई.

टिळकवाडीचे वकील आनंद हेरेकर आपल्या वडिलांची जुनी फियाट ट्रकवर चढवून घेऊन आले, तेव्हा मजुरीचा विषय निघालाच.

"मजुरी नको साहेब," भरमू म्हणाला. "पंधरा दिसांनी माझ्या ऋतिकाचं लगीन हाय. निपाणीला दिलीया. या गाडीतनं पोरीची पाठवणी करा, झालं."

"एवढंच ना भरमाण्णा? मी स्वतः चालवत नेतो की."

ऋतिका ही भरमूची एकुलती एक. बेळगावात एका ऑफिसात कामाला होती. तिनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला सांगून टाकलं, मी जुन्या फियाटमधनं सासरी जाणार. आता मागं फिरायला वाटच नव्हती, पण हे भरमूला त्या दिवशी कळायचं कारण नव्हतं.

२

गाडी पांढरी होती आणि तिच्यावरचा जेवढा म्हणून चकाकता धातू, तेवढा सगळा काळा होता. फवारलेला काळा नव्हे. दारं-खिडक्यांना देतात तो जाड तेलरंग, ब्रशानं, वर्षानुवर्षं. बंपर काळे, दारांच्या पट्ट्या काळ्या, हँडलं काळी. किल्लीच्या भोकाभोवतीची नखाएवढी कडीसुद्धा कुणीतरी बारीक ब्रश घेऊन काळी केली होती.

भरमूनं दार उघडून आत डोकं घातलं आणि तो तसाच वाकून राहिला. ड्रायव्हरसमोरचा आरसाही काळा होता. चौकट नव्हे, काच.

त्यानं वकिलांना फोन लावला.

"बाबांनीच केलं ते," वकील म्हणाले. "दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की स्वतः ब्रश घेऊन बसायचे. आम्हाला वाटायचं, तो पूजेतलाच भाग."

"आरसा पण?"

"आरसा पण."

"मग साहेब, मागचं कसं बघायचे?"



"बघत नसत," वकील म्हणाले.

भरमू हसला. म्हातारी माणसं काय काय करतात. त्याच्या स्वतःच्या आज्यानं म्हशीला ऐनक लावला होता, ही गोष्ट त्याला आठवली. ती त्यानंच रचलेली होती, पण आठवली.

३

आधी मागचा बंपर खोलला. शेडमध्ये कामाचं टेबल भिंतीला लागून होतं, म्हणजे टेबलापाशी बसलं की गाडी पाठीमागं यायची. सीटा त्यानं आधीच काढून खडेबाजारात नवी कव्हरं शिवायला टाकल्या होत्या. गाडी आतनं रिकामी, नुसता पत्रा.

औषध लावलं, कागद दाबला, थांबला, काडी लावली. थर इतके की एका काडीत निघेनात. सतरापर्यंत मोजले, मग कंटाळून सोडलं. पण खालचं क्रोम बघून त्याला बरं वाटलं. गंजाचा ठिपका नाही, ओरखडा नाही. काल कारखान्यातनं आल्यासारखं.

पाण्यानं धुऊन फडक्यानं पुसलं, आणि बंपरच्या फुगीर अंगात अख्खी शेड उमटली. मधोमध स्वतः भरमू, लहान डोक्याचा, मोठ्या हातांचा. कडेला कॉम्प्रेसर. पाठीमागं फियाट. आणि फियाटच्या मागच्या काचेत, बरोबर मध्यावर, मान खाली घातलेलं कुणीतरी.

भरमूनं वळून पाहिलं. गाडी रिकामी.

परत बंपरकडं पाहिलं. बसलेलं.

घाबरण्याच्या आधी त्याला हसूच आलं. कारण त्याला ठाऊक होतं, गाडीत सीटच नव्हती. बसणार कशावर? फुगीर धातू वाकडंच दाखवतो. दारामागं टांगलेला पावसाळी कोट वाकून तिथं दिसत असंल. त्यानं कोट काढून घरात नेऊन ठेवला. येऊन पाहिलं. मग कॉम्प्रेसर बाहेर ढकलला. मग औषधाचा वास डोक्यात गेला असणार, म्हणून दार सताड उघडून, पंखा लावून, दोन तांबे ताक पिऊन आला.

मग बंपर उलटा करून भिंतीला टेकवला आणि चाकांच्या टोप्या घ्यायला उठला. म्हटलं, आधी बारकं काम उरकू.

४

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला भरमूची बायको मालुबाई चहा घेऊन आली. ताटलीत दोन कप होते.

"दुसरा कुणाला?"

"वकिलांच्या घरचं कोण आलंय न्हवं? गाडीत बसल्यात त्यांना."

भरमूच्या हातातली काडी थांबली. "कोण बसलंय?"

"मला काय ठावं? परड्यातनं दिसल्या. मागं बसल्यात, पदर घेऊन." मालुबाईनं शेडमधनं गाडीकडं पाहिलं, मग जवळ जाऊन काचेला नाक लावलं. "अगं बाई. न्हाय की कोण."

"सीट तरी हाय काय तितं?"

"न्हाय."  तिनं पदरानं काच पुसली. "काचंवर ऊन पडलं असंल. घ्या, दोन्ही तुम्हीच प्या."

ती गेली. भरमूनं एक कप प्यायला. दुसरा त्यानं का कुणास ठाऊक, प्यायला नाही. तिथंच टेबलावर ठेवला, आणि दुपारी जेवून आल्यावर पाहिलं तर चहावर साय धरली होती. कुणी हात लावला नव्हता. याचं त्याला एवढं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

५

पुढचे पाच दिवस त्यानं टेबलाची जागा तीनदा बदलली. टेबल दारात लावलं, गाडी समोर दिसेल असं. तर मग पट्टी पुसताना पट्टीत अंगण दिसायचं, बरं वाटायचं, आणि पाच मिनिटांनी पट्टी तिरपी केल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. दात किडल्यावर जीभ जाते तसं मन तिकडंच. तिरपी केली की दिसायचंच. मान खाली, पदर डोक्यावरनं, चेहरा नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या उशिरा लक्षात आली. बंपरमध्ये ती बरोबर मध्यावर होती. डाव्या दाराच्या पट्टीत जराशी पलीकडं. उजव्या दाराच्या पट्टीत अजून. सगळ्यात शेवटी घासलेल्या हँडलात तर पार खिडकीला चिकटून. जेवढं क्रोम उघडं होत होतं, तेवढी ती सरकत होती.

एसटीत बायका सरकतात तशी. शेजारी कुणी बसणार असलं की.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं मालुबाईला सगळं सांगितलं. तिच्या ताटात भाकरी तशीच राहिली. मग ती हसायला लागली.

"मी दोन कप च्या आणला, त्याच्यावरनं गोष्ट रचली व्हय? माझीच चूक मलाच विकायलाय?"

"मालू, आईच्यान खरं."

"विमानाच्या नटाला पण आईच्यानच होतं."

"आपण दुसरी गाडी करू. लई गाड्या मिळत्यात."

"पोरीनं साऱ्या जगाला सांगून ठेवलंय. वकील स्वतः चालवणार हायत. आणि सांगणार काय तिला? तुझ्या गाडीत भूत हाय, म्हणून? लगीन आठ दिसांवर आलंय, आणि तुम्हाला खेळ सुचतोय."

 आयुष्यात पहिल्यांदा भरमूकडं शंभर टक्के खरी गोष्ट होती आणि ती खपत नव्हती.

६

सीटा खडेबाजारातनं आल्या. तांबड्या रेक्झिनच्या, नव्या वासाच्या. त्यानं त्या बसवल्या, पट्ट्या जागच्या जागी ठोकल्या, बंपर आवळले. आता राहिला होता तो आरसा.

तो काढून टेबलावर न्यावा असं त्याला वाटेना. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर जमिनीवर. दुपारचे साडेतीन. अंगणात मालुबाईनं सांडगे वाळत घातले होते, आणि ती कावळ्यांना हाकलत होती. ते ऐकू येत होतं म्हणूनच तो बसू शकला.

सगळा आरसा उघडायचा नाही, हे त्यानं ठरवलं होतं. अंगठ्याएवढाच. आजवर अंगठ्याएवढं सोडून सगळं काढलं, आज अंगठ्याएवढंच काढायचं. औषधाचा एक थेंब टेकवला. रंगाला सुरकुती पडली. काडीनं उचलला. फडक्यानं पुसलं.

त्या एवढ्याशा जागेत काय मावणार? तांबड्या रेक्झिनचा तुकडा मावला. आणि त्यावर एक हात. मनगटापर्यंत हिरवा चुडा.

हात हलला. शेजारची मोकळी जागा त्यानं हळूच थोपटली. ये, बस, म्हणतात तसं. दोनदा.

बांगड्यांचा आवाज झाला. तो आरशातनं नव्हता. त्याच्या पाठीमागनं होता.

भरमू बाहेर कसा आला ते त्याला आठवत नाही. अंगणात ऋतिका उभी होती. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"आप्पा, बघा की. आत्ताच भरून आलो." कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. "गाडी झाली काय? बसून बघू?"

"न्हाय," भरमू म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्यानं परत सांगितलं. "ओली हाय अजून."

"काय ओलं हाय?"

"रंग," भरमू म्हणाला. आणि हे तोंडातनं गेल्यावरच त्याला कळलं, आता काय करायचं ते.

७

दोन दिवस आणि दोन डबे काळा तेलरंग. बंपर, पट्ट्या, हँडलं, टोप्या, किल्लीची कडी. आरशावरचं अंगठ्याएवढं भोक त्यानं सगळ्यात आधी बुजवलं, नजर दुसरीकडं करून. बाकीच्याला तो भराभर ब्रश मारत सुटला, न थांबता, न बघता. जे क्रोम दहा-बारा दिवस जिवापाड जपून उघडं केलं, ते झाकताना त्याच्या हाताला काही वाटलं नाही. हात आपला सवयीनं चालत राहिला.

वकील लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला, भैरवीला, घेऊन आले. गाडी बघून त्यांचा चेहरा पडला.

"भरमाण्णा, हे काय? होती तशीच?"

इथं भरमूनं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर थाप मारली. "साहेब, तशी कशी? जुनं सगळं काढलं, आणि नवं काळं दिलं. पुण्याहून एक गाडीवाला आलता, त्यानं सांगितलं, आता क्रोम कोण ठेवत न्हाय. मोठ्या मोठ्या गाड्यांना काळंच. क्रोम म्हणजे लग्नातल्या बँडवाल्यांचं."

"बरोबर आहे बाबा," भैरवी म्हणाली. "आता सगळे ब्लॅकच करतात. भारी दिसतंय."

वकिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "आरसा पण तसाच?"

"तुमच्या वडलांची आठवण," भरमू म्हणाला. "तेवढी असू द्या. बाहेरचे दोन आरसे नवे लावून दिल्यात."

वकिलांचे डोळे जरासे ओले झाले. भरमूला वाईट वाटलं, पण मोकळंही वाटलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

८

लग्न दुपारी लागलं. चारला पाठवणी. नवरा विक्रम उन्हानं लाल झालेला, पण हसरा. त्याच्या शेल्याला ऋतिकाच्या पदराची गाठ. सासरी पहिले चार दिवस नवरीच्या सोबतीला जायला पाठराखीण लागते, ती भरमूची थोरली बहीण, रुक्माबाई. हातात पिशवी, पिशवीत औषधांचा डबा आणि लाडू.

"आक्का," भरमूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीच्या शेजारीच बस. मधी कुणाला बसू देऊ नको."

"मधी कोण बसणार हाय रं?" रुक्माबाई म्हणाली. "तुझं काय तरी येगळंच."

विक्रम आधी बसला, पलीकडच्या खिडकीशी. गाठीमुळं ऋतिका त्याच्या मागोमाग दाराशी आली. रडून तिचं काजळ ओघळलं होतं, मुंडावळी तिरपी झाली होती. मालुबाई म्हणाली, "कपाळावरचं नीट कर गं." ऋतिका वाकली. मागच्या दाराच्या पट्टीपाशी, हँडलच्या खाली, ती वाकून बघत राहिली आणि मुंडावळी सरळ केली.

भरमूला आधी काही कळलंच नाही. मग त्यानं पाहिलं, ती कशात बघते आहे.

काळ्या पट्टीवर अंगठ्याएवढी जागा चमकत होती. हातानं तिला वळसा घातला होता.

ऋतिका सरळ झाली. ती आता रडत नव्हती. तिनं दाराकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं सरून पदर आवरून उभी राहिली. आधी वडीलधाऱ्या बाईला आत चढू द्यावं, तशी. क्षणभर थांबली. मग स्वतः चढली आणि या बाजूच्या खिडकीशी अंग चोरून बसली.

रुक्माबाई पिशवी सावरत दारात आली. "सरक गं बाळ, मधी."

"आत्ती, तू पुढं बस," ऋतिका म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "मागं जागा न्हाय."

रुक्माबाईनं आत बघितलं, आणि पुढं वकिलांच्या शेजारी जाऊन बसली.

"थांबवा," भरमू म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला. तो गाडीला हात लावून चालायला लागला, आणि बायका त्याच्याकडं बघून डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी त्याला मागनं धरलं.

"भरमाण्णा, निपाणीलाच निघालीया. अमेरिकेला न्हाय."

लोक हसले. गाडीनं वेग घेतला. मागच्या काचेतनं दोन डोकी दिसत होती. एक या खिडकीला, एक त्या खिडकीला, आणि दोघांच्या मध्ये गाठीचा शेला पसरलेला. तेवढ्या अंतरात तो खाली सीटवर लोंबायला पाहिजे होता.

लोंबला नव्हता. कुणाच्या तरी मांडीवर अंथरल्यासारखा तो वीतभर वर होता, आणि खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा त्याची सुरकुती कुणीतरी हातानं सारखी केली.